कातरवालीचा ताप आणि माझा पारा

मित्रांनो, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधून, रबरी फुगा दाबत फुस्स फुस्स हवा भरताना तुम्ही पाहिले असेल. त्याच घराण्यातला मी एक जुना रक्तदाबमापक. जुना म्हणजे पाऱ्याचा. माझी आजकालची भावंडे बटण दाबले की आकडा दाखवतात आणि वर टूं टूं करून शाबासकीही मागतात. आमचे तसे नव्हते. आम्हाला फुगा दाबणारा हात लागे, नाडीचा ठोका ऐकणारा कान लागे आणि पाऱ्यावर खिळलेली नजर लागे. तिघांचे जमले तरच खरा आकडा हाती येई.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. एका खोलीत काच तापवून तिच्या नळ्या ओढत. शेजारच्या खोलीत एक बाई डोळ्याला भिंग लावून माझ्या पट्टीवर रेघा आखत असे. तिचा हात असा स्थिर, की शेजारणीशी कडाकडा भांडतानाही रेघ कधी वाकडी गेली नाही. शेवटी मिस्त्रीने माझ्या पोटात पारा भरला, मला एका पक्क्या यंत्राशी जोडले आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मग माझ्या पेटीवर थाप मारून तो म्हणाला, “हा खोटं बोलायचा नाही.” मित्रांनो, जन्मताच असे प्रमाणपत्र किती जणांना मिळते? मी तर तेव्हाच फुगलो, आणि तेही कुणी हवा न भरता!

तिथून मी एका रुग्णालयात आलो. बैठी इमारत, लांबच लांब वॉर्ड, उंच खिडक्या आणि सकाळ-संध्याकाळ फिनेलचा वास. वॉर्डातल्या मुख्य परिचारिकेला सगळे ‘कडक सिस्टर’ म्हणत. तिच्या चपलांचा आवाज आला की कुरकुरणारे रुग्णसुद्धा पांघरूण नीट करून घेत. मी तिच्याच हाताखाली आलो, आणि आमची जोडी जमली ती कायमची.

माझे काम तुम्हाला सांगतो. हृदय रक्त ढकलते आणि ते रक्त नळ्यांच्या भिंतींवर आतून दाब देते. पाण्याच्या पाइपात असतो ना, तसाच. तो दाब असला तरच रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचते. दाब फार वाढला तर नळ्यांना धोका आणि फार उतरला तर साऱ्या शरीराची उपासमार. तो किती आहे, हे मी सांगायचे. शाळेतले एक मास्तर दर आठवड्याला दाब मोजायला येत आणि सिस्टरला पाहताच त्यांचा दाब वर जाई.

“मास्तर, आधी श्वास सोडा,” सिस्टर म्हणे. “मी काही पाढे म्हणायला लावणार नाही तुम्हाला.”

मास्तर हसत, आणि माझा पारा आपोआप खाली येई.

अशी वर्षे चालली होती. मग एका सकाळी कातरवाली आली.

ती मेंढ्यांची लोकर कापणारी बाई. धिप्पाड, तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. तिच्या कात्रीखाली आलेली मेंढी लाथ झाडायच्या आत मोकळी होई, असे लोक म्हणत. तिचा नवरा नळदुरुस्ती करणारा. तो अंगाने किरकोळ आणि स्वभावाने गरीब. त्या दिवशी तोच तिला आधार देत घेऊन आला होता. तिचे डोळे लाल झाले होते आणि पाय लटपटत होते. तोंड मात्र शाबूत होते.

“काय होतंय?” सिस्टरने विचारले.

“काही नाही हो. हाच उगाच घेऊन आला. ताप आहे, डोकं फुटतंय, अंग मुसळानं कांडल्यासारखं दुखतंय. बाकी मी ठणठणीत आहे!”

सिस्टरने तिच्या दंडाला माझा पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. दाब थोडा कमी होता, पण घाबरण्याइतका नव्हता. पट्टा काढला आणि सिस्टरचा हात थांबला. पट्ट्याखाली आणि कोपराच्या आतल्या बाजूला बारीक बारीक लाल ठिपके उमटले होते, कुणी टाचणीच्या टोकाने रंग लावावा तसे. पट्टा बांधण्याआधी ते नव्हते. तिने लगेच डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

डॉक्टरीणबाई बोलायला मऊ आणि विचाराने पक्क्या. त्यांनी हातमोजे चढवले आणि काचेचा तुकडा त्या ठिपक्यांवर दाबून धरला.

“साधं पुरळ असतं तर दाबल्यावर फिकं पडलं असतं,” त्या हळूच सिस्टरला म्हणाल्या. “हे जात नाहीये. हे कातडीखाली सांडलेलं रक्त आहे.” मग त्या कातरवालीकडे वळल्या. “बाई, एवढ्यात गोचीड चावली होती का तुम्हाला?”

“मेंढरांत राहून गोचीड नाही चावणार, तर काय फुलपाखरू चावणार?”

“मग तिचं काय केलंत?”

“नखावर घेतली आणि चिरडली. नेहमीच चिरडते. लई माजलेल्या असतात.”

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उलटे करून पाहिले. बोटांवर कात्रीचे ताजे ओरखडे होते. मग त्या सिस्टरला म्हणाल्या, “या बाईंना कोपऱ्यातल्या स्वतंत्र खोलीत न्या. यांचं रक्त, उलटी, कपडे, काहीही उघड्या हातानं शिवायचं नाही. त्यांचं ताट, थर्मामीटर, हा रक्तदाबमापक, सगळं त्यांच्याबरोबर आत जाईल आणि आतच राहील. दुसऱ्या रुग्णाला वापरायचं नाही.”

त्यांना रक्तस्रावी तापाचा संशय आला होता. रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत गेला आणि पुढे तो संशय खराही ठरला. पण उत्तराची वाट पाहत बसायला वेळ नव्हता.

“आत कोण थांबणार?” डॉक्टरीणबाईंनी विचारले. कुणाच्या घरी तान्हे मूल, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. भीती कुणाला नसते?

“मी थांबते,” कडक सिस्टर म्हणाली. “भीती मलाही आहे. पण या यंत्रावर माझा हात बसलाय.”

मित्रांनो, त्या वाक्याने माझी छाती, म्हणजे माझी पेटी, केवढी भरून आली म्हणून सांगू!

सिस्टरने लांब झगा घातला, तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत एकावर एक असे दोन हातमोजे. आम्ही आत गेलो आणि दार लागले. दाराशेजारी काचेची एक बंद खिडकी होती. तिच्या पलीकडे, व्हऱ्हांड्यात, नळवाला उभा राहिला. घरी जा म्हटले तरी गेला नाही. त्याचाही ताप रोज मोजला जाऊ लागला, कारण त्याने बायकोचे घामेजलेले कपडे धुतले होते.

तापाने आपले खरे रूप दाखवायला सुरुवात केली. कातरवालीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. नाकातून धार लागली. सुई टोचली की ती जागा पाझरत राही आणि भोवती काळेनिळे वर्तुळ पसरे. नळवाला ते काचेतून पाहत होता. शेवटी त्याला राहवेना.

“डॉक्टरीणबाई, सगळं रक्तच वाहून चाललंय हो तिचं!”

डॉक्टरीणबाई झगा उतरवून, हात धुऊन व्हऱ्हांड्यात आल्या आणि त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. खिडकीच्या वरची झडप उघडी असल्याने त्यांचे बोलणे मला आत ऐकू येत होते.

“जे दिसतंय ते थोडं आहे,” त्या म्हणाल्या. “खरी गळती आत आहे. तुम्ही नळाचं काम करता, तुम्हाला चटकन कळेल. गोचिडीतून एक विषाणू तिच्या अंगात शिरला. तो सगळ्यात आधी पहारेकऱ्यांनाच गाठतो, म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींना. एरवी त्या जंतूंना गिळून टाकतात. यालाही गिळतात, पण हा त्यांच्या पोटात बसून आपलीच पिलावळ वाढवतो. आणि त्यांच्यातूनच यकृतात, प्लीहेत, सगळीकडे पोचतो.”

“घरभेदीच म्हणा की.”

“तसंच. मग शरीर धोक्याची घंटा वाजवतं. म्हणजे रक्तात काही रसायनं सोडतं. थोडी सोडली तर ती फायद्याची असतात. पण इथे एकदम सगळ्याच घंटा वाजल्यात. त्या रसायनांनी आणि त्या विषाणूनं रक्ताच्या बारीक नळ्यांचं आतलं अस्तर बिघडतं. त्या अस्तराच्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसवलेल्या असतात. त्यांच्यामधल्या सांध्यांना फटी पडतात.”

नळवाल्याने कपाळाला हात लावला. “म्हणजे पाइप फुटलेला नाही. जॉइंट पाझरतायत.”

“अगदी बरोबर. रक्तातलं पाणी अंगात झिरपतंय. म्हणून तिचा चेहरा सुजलाय आणि नळ्यांतला दाब उतरतोय.”

“मग पॅकिंग भरा ना!”

“पॅकिंग रक्तातच असतं. प्लेटलेट म्हणतात त्यांना. बारीकसं भोक पडलं की त्या धावत जाऊन ते बुजवतात. या तापात त्या फार कमी होतात. रक्त गोठवणारा बाकीचा माल यकृतात तयार होतो, पण त्या कारखान्यावरच धाड पडलीय. आणि जो थोडा माल उरलाय, तो भलतीकडेच बारीक बारीक गुठळ्या करण्यात खर्च होतोय. पाहिजे त्या जागेसाठी उरतच नाही. म्हणून रक्त थांबत नाही.”

नळवाल्याने काचेतून आतल्या सलाईनच्या बाटलीकडे पाहिले. मग म्हणाला, “टाकीत पाणी वाढवलं तर?”

“सलाईन चालूच आहे. रक्तपेढीतून प्लेटलेटही मागवल्यात. पण सांधे सैल असताना भसाभस भरलं, तर ते सगळं फुप्फुसात उतरेल आणि तिला श्वास घेता येणार नाही. कमी भरलं, तर मूत्रपिंडं आणि मेंदू उपाशी राहतील.”

“मग किती भरायचं ते कसं कळणार?”

डॉक्टरीणबाईंनी काचेतून माझ्याकडे बोट दाखवले. “तिची नाडी, तिचा श्वास, आणि तो. तो सांगेल.”

इतक्या वर्षांत माझ्याकडे असे बोट कुणी दाखवले नव्हते. मास्तरांचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता तर आभाळ कोसळले नसते. इथे मात्र माझ्या एकेका आकड्यावर एका बाईचा जीव तोलला जात होता. मिस्त्रीने माझ्या पेटीवर मारलेली थाप मला त्या क्षणी उगाच वाटली नाही.

मग आमची खरी कसोटी सुरू झाली. सिस्टर थोडे सलाईन सोडी, माझा पट्टा अगदी बेताने फुगवी, ठोका ऐके, कातरवालीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसात पाणी तर साचत नाही ना ते पाही आणि मग पुढचे थोडे सोडी. बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी उशीवरच्या रक्ताच्या डागांकडे पाही. सिस्टर मात्र माझ्याकडे पाही. मी तिला जे होते तेच दाखवत होतो. आणि जे होते ते चांगले नव्हते. पारा खाली खालीच येत चालला होता. कातरवालीचे हातपाय गार पडले. ती असंबद्ध बोलू लागली. “ती काळी मेंढी धरा,” म्हणे, “तिची अर्धीच लोकर निघालीय.” तिची लघवी बंद झाली. मूत्रपिंडांपर्यंत रक्त धड पोचत नाही, याची ती खूण.

नेमके तेव्हाच सिस्टरने हवा भरली आणि माझा पारा टिकेना. वर चढे आणि लगेच सूं करून खाली येई. तिने माझी रबरी नळी बोटांत धरून तपासली. टोकाशी, जिथे ती धातूच्या तोंडावर बसते, तिथे बारीक चीर गेली होती. दुसरा रक्तदाबमापक आत आणायचा तर तोही इथेच अडकणार आणि वॉर्डातल्या बाकीच्यांचे हाल होणार. सिस्टरने क्षणभरच विचार केला. बोथट टोकाच्या कात्रीने तिने चिरलेले टोक कापून टाकले, उरलेली नळी पिळत पिळत धातूच्या तोंडावर चढवली आणि वरून चिकटपट्टीचे घट्ट वेढे दिले. दोन दोन हातमोजे घालून हे करणे म्हणजे गोधडी पांघरून सुईत दोरा ओवणे! मग तिने हवा भरली. पारा चढला आणि ठाम उभा राहिला.

काचेपलीकडे नळवाला श्वास रोखून पाहत होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आले.

“सिस्टर, नोकरी सोडली तर माझ्याकडे या,” तो झडपेतून ओरडला. “हात चांगलाय तुमचा!”

“आधी तुमची बायको बरी होऊ दे,” सिस्टर म्हणाली, “मग तिची परवानगी घेऊन येते.”

प्लेटलेट चढल्या. सलाईनचे थेंब मोजूनमापून पडत राहिले. डॉक्टरीणबाई येत, ऐकत, मान हलवत. एकदा नळवाल्याने त्यांना विचारले, “या विषाणूला मारणारं औषध नाही का?”

“हमखास मारेल असं नाही,” त्या म्हणाल्या. “एक औषध देतोय, पण सगळी भिस्त त्याच्यावर नाही. तिचं शरीर त्या विषाणूला ओळखायला शिकतंय. शिकलं की तेच त्याला हुसकून लावेल. तोवर आपण तिला धरून ठेवायचं.”

आणि आम्ही तिला धरून ठेवले! एका दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप माझ्या पट्टीवर पडली होती. सिस्टरने हवा सोडली आणि पहिला ठोका तिला आधीपेक्षा वरच्या रेघेवरच ऐकू आला. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा मोजले. मी तोच आकडा दाखवला. मग कातरवालीला लघवीसाठी लावलेल्या नळीतून पिशवीत पिवळे थेंब उतरू लागले आणि ज्या सिस्टरने कधी वॉर्डात आवाज चढवला नव्हता, ती चक्क ओरडली, “लघवी झाली! अहो, लघवी झाली!”

नळवाल्याने बाकावरून उडी मारली. व्हऱ्हांड्यातून जाणाऱ्या माणसाला मिठी मारून तो म्हणाला, “माझ्या बायकोला लघवी झाली हो!” तो माणूस अगदीच अनोळखी होता. पण त्यानेही अभिनंदन केले.

सांधे पुन्हा आवळले जाऊ लागले. चेहऱ्याची सूज उतरली. हिरड्यांतले रक्त थांबले. कातरवाली शुद्धीवर आली, तिने खोली न्याहाळली आणि मुखपट्टीतल्या सिस्टरला म्हणाली, “तोंड तरी दाखवा. एवढं केलंत माझ्यासाठी आणि मी तुम्हाला रस्त्यात ओळखायची कशी?”

“चपलांच्या आवाजावरून,” सिस्टर म्हणाली.

कातरवाली घरी गेली. नळवाल्याला ताप आला नाही, सिस्टरलाही नाही. हा योगायोग नव्हता. हातमोजे, झगा, धुतलेले हात आणि अजिबात आळस न करता पाळलेला प्रत्येक नियम, यांची ती करामत होती. आता राहिली माझी पाळी. माझी पेटी आणि काच जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा पुसली. पण माझा कापडी पट्टा आणि रबरी नळ्या यांची खात्री देता येईना. त्या जाळायच्या ठरल्या. भट्टीचे दार उघडले तेव्हा सिस्टरने पट्टा एकदा हातात तोलला आणि आत टाकला. मला दुःख झाले का? खोटे कशाला बोलू, झाले. पण सैनिकाने लढाईत ढाल गमवावी आणि ताठ मानेने घरी यावे, तसे मला वाटले. नवा पट्टा आला आणि मी पुन्हा वॉर्डात रुजू झालो. तपासणीसाठी आलेल्या कातरवालीचा दाब मीच मोजला. तो इतका छान होता की मास्तरांनाही हेवा वाटावा. मेंढ्यांच्या गोचिडी ती आता चिमट्याने काढते आणि हातमोजे घातल्याशिवाय कात्री उचलत नाही, असे तिने सिस्टरला ठासून सांगितले.

मग काळ बदलला. पारा विषारी असतो. काच फुटली तर तो घरंगळत कानाकोपऱ्यात जातो आणि त्याची वाफ माणसांना बाधते. म्हणून रुग्णालयाने पाऱ्याची सगळी यंत्रे बाजूला केली. निर्णय योग्यच होता. तरी कपाटात बसून टूं टूं ऐकण्याचे ते दिवस मला जड गेले. माझ्यावर धूळ चढली. कुणीतरी माझ्या पेटीवर चहाचा कपही ठेवला. तुमच्या घरात असे जुने यंत्र किंवा थर्मामीटर असेल, तर मित्रांनो, त्याला कचऱ्यात फेकू नका आणि फोडू तर मुळीच नका. मोठ्यांना सांगून योग्य जागी पोचवा. माझा पाराही जाणकार माणसांनी येऊन, जपून काढून नेला.

आज माझी काचेची नळी रिकामी आहे. तरीही मी कामावर आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. कडक सिस्टर आता नव्या परिचारिकांना शिकवते, आणि वर्गातल्या टेबलावर मानाच्या जागी मी असतो. मी मोजू शकत नाही, पण माझा पट्टा अजून घट्ट आवळतो. पहिल्याच तासाला सिस्टर प्रत्येकीला सांगते, “हा आधी स्वतःच्या दंडाला बांधा. फुगवा. आणखी. आता तसाच राहू द्या.”

मुली आधी खिदळतात. हळूहळू हसू थांबते. बोटे मुंग्यांनी भरतात, हात जड होतो.

“सिस्टर, दुखतंय,” एखादी म्हणते. “सोडू का?”

“सोड,” सिस्टर म्हणते. “तुला सोडता येतं. तापात पडलेल्या माणसाला सोडता येत नाही. एवढं लक्षात ठेव आणि मगच त्याच्या खोलीत जा.”

मुलगी फुग्याची झडप सैल करते. माझ्यातली हवा सुस्कारा टाकत बाहेर पडते. ती आपला दंड चोळत माझ्याकडे पाहते आणि पुढच्या मुलीच्या हातावर मला बांधताना तिची बोटे आपोआप हळू होतात.